पदकाच्या कडेवरचे नाव

जुन्या चांदीच्या मोडीत पैंजण, जोडवी, करदोटे, चेपलेले पेले आणि तुटकी निरांजने यांच्यासोबत कधीतरी एक जाड, राणीछाप रुपयाहून मोठा गोल तुकडा येतो. त्याच्या एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचे मस्तक असते. दुसऱ्या बाजूस उघड्या अंगाचा घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ ही दोन साले असतात. सराफ तो तुकडा कसाला लावतो, टंच साडेब्याण्णवचा निघतो, वजन सुमारे अडीच तोळे भरते आणि त्या दिवसाच्या भावाने हिशेब चुकता होतो. या व्यवहारात लबाडी काहीच नसते. देणाऱ्यास रोकड मिळते, घेणाऱ्यास चांदी मिळते. मात्र त्या तुकड्याची कड कोणी भिंगाखाली धरलेली नसते.

हा तुकडा म्हणजे पहिल्या महायुद्धातील सेवेबद्दल दिलेले ‘ब्रिटिश वॉर मेडल’. त्याचा व्यास ३६ मिलिमीटर असतो आणि वर फीत ओवण्यासाठी सरळ, न फिरणारी दांडी असते. घोडेस्वाराच्या पायदळी शत्रूची गरुडचिन्ह असलेली ढाल आणि कवटी दिसते. चांदीची अशी सुमारे ६५ लाख पदके वाटली गेली. इतक्या मोठ्या संख्येने निघालेल्या वस्तूस दुर्मीळ म्हणता येत नाही, आणि चित्राकडेच पाहिले तर एक पदक दुसऱ्यासारखेच असते. तरीही यांतील कोणतीही दोन पदके एकसारखी नाहीत. प्रत्येकाच्या कडेवर बारीक रोमन अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते. ‘शिपाई’, ‘नाईक’, ‘हवालदार’ हे शब्द इंग्रजी वळणाने लिहिलेले असतात, त्यापुढे नाव येते आणि मग ‘१०५ मराठाज’ किंवा ‘११० मराठा लाइट इन्फंट्री’ असा पलटणीचा उल्लेख येतो. सेनापतीस जे पदक मिळाले तेच शिपायालाही मिळाले. फरक होता तो कडेवरच्या ओळीत.

या एका ओळीचे मोल समजण्यासाठी इराककडे पाहावे लागते. त्या काळी त्या मुलखास मेसोपोटेमिया म्हणत. पुणे डिव्हिजन या नावाने ओळखली जाणारी सहावी हिंदी डिव्हिजन तेथे लढत होती आणि तिच्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीकाठच्या कूत या गावी ही फौज वेढ्यात सापडली. अन्न संपत आले, सुटकेचे प्रयत्न फसले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. पुढे कैदेत, वाळवंटातील पायपिटीत आणि रोगराईत असंख्य माणसे गेली. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत ज्यांच्या कबरींचा ठावठिकाणा राहिला नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारण्यात आले आणि १९२९ साली त्याचे अनावरण झाले. त्या दगडावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांची मात्र नावे कोरली गेली नाहीत. पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा देण्यात आला.

महाराष्ट्रातील अनेक खेड्यांतही तेच चित्र आहे. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी एवढेच सांगते की या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावाला नावे ठाऊक होती, म्हणून पाटीवर ती लिहिण्याची गरज कोणास भासली नसावी. तीन पिढ्यांनंतर आकडा तेवढा उरला. बसऱ्याच्या दगडावर नाही, गावच्या पाटीवर नाही, असे एखाद्या शिपायाचे नाव धातूवर उमटलेले सापडण्याची जागा म्हणजे त्याच्या वारसांकडे पाठवलेल्या पदकाची कड. ते पदक मुशीत गेले की नावही त्याच्यासोबत जाते.

पदके अशी मुशीत गेलेली आहेत. १९८० च्या जानेवारीत जागतिक बाजारात चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात पोहोचला, तेव्हा इंग्लंडमध्येच या पदकांचे मोठ्या प्रमाणावर वितळण झाले. संग्राहक त्या वेळी देत असलेल्या किमतीहून पदकातील चांदीच महाग झाली होती. व्यापाऱ्याच्या दृष्टीने निर्णय सरळ होता. पण ही किंमत कशाची हे त्या दिवशी कोणी तपासले नाही, आणि वितळलेले पदक परत आणण्याची सोय कोणत्याही बाजारात नाही.

या वितळणाची एक खूण आजही जुन्या पेट्यांत सापडते. चांदीच्या पदकासोबत बहुतेक सैनिकांना ‘व्हिक्टरी मेडल’ नावाचे काशाचे पदकही मिळत असे. त्यावर पंख पसरलेली विजयदेवता असते आणि फीत दोन इंद्रधनुष्ये एकमेकांना चिकटवावीत तशी, मध्ये लाल व कडेला जांभळी. हे पदक कधीही एकटे दिले जात नसे. म्हणून एखाद्या घरात ते एकटेच आढळले तर चांदीचे पदक हरवले, वाटणीत दुसऱ्या भावाकडे गेले किंवा विकले गेले असे समजावे. धातू स्वस्त म्हणून ते मागे राहिले. त्याच्याही कडेवर नाव असतेच, त्यामुळे जोडी तुटली तरी शोधाचा धागा शिल्लक राहतो. तिसरे पदक असलेच तर ते काशाचा तारा असते. १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्सच्या आघाडीवर पोहोचलेल्या लाहोर व मेरठ डिव्हिजनांच्या सैनिकांना ‘१९१४ स्टार’ मिळाला, तर त्यानंतर किंवा इतर आघाड्यांवर १९१५ अखेरपर्यंत उतरलेल्यांना ‘१९१४-१५ स्टार’. ताऱ्याला कड नसते. त्यावर नाव पाठीमागच्या सपाट भागात असते.

धातूवरून किंमत ठरवण्याची सवय या क्षेत्रात हमखास दगा देते. ब्रिटिश वॉर मेडल काशाचेही निघाले होते, पण त्यांची संख्या सुमारे एक लाख दहा हजार एवढीच. ती मजूर तुकड्यांना देण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वायव्य सरहद्द आणि ब्रह्मदेश येथील मोहिमांची पदकेही अशीच दोन धातूंत निघत. लढणाऱ्यांना चांदीचे, आणि भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले यांना काशाचे. राज्यकर्त्यांनी धातूतच दर्जा ठरवून टाकला होता. आज संग्राहक त्याच काशासाठी चांदीपेक्षा अधिक मोजतात, कारण ती पदके मुळातच थोडी होती. घावलेला तुकडा चांदीचा नाही म्हणून तो भंगारात टाकणाऱ्याने दोनदा नुकसान करून घेतलेले असते.

महाराष्ट्राच्या वाचकास सर्वाधिक जवळचे वाटावे असे पदक मात्र याहूनही जुने आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८०३ ते १८२६ या काळातील युद्धांसाठी १८५१ साली ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ मंजूर झाले. फिकट निळ्या फितीवर प्रत्येक लढाईसाठी एक आडवी चांदीची पट्टी असे आणि त्या पट्ट्यांवरील नावे म्हणजे जणू आपल्या मुलखाचा नकाशाच आहे. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव ही सारी गावे इंग्रजी कानाने ऐकलेल्या स्पेलिंगांत तेथे भेटतात. अडगावचे ‘आर्गाम’ होते आणि कोरेगावचे ‘कोरिगाम’. या पदकाची अट क्रूर होती. ते केवळ हयात असलेल्यांना मिळणार होते. असईची लढाई १८०३ मधली, पदक १८५१ मधले. तेव्हा विशीत असलेला शिपाई सत्तरीच्या उंबरठ्यावर पोहोचला तरच पात्र ठरत होता. अर्थात अस्सल पदके अत्यंत थोडी आहेत आणि नकला विपुल आहेत. रविवारच्या जुन्या बाजारात असे पदक कोणी सहज पुढे केले, तर ते नक्कल आहे असे धरूनच बोलणी सुरू करणे शहाणपणाचे.

पदकांकडून फितींकडे वळले की वाचनाची रीत बदलते. सैनिक रोजच्या गणवेशावर पूर्ण पदके लावत नाही. त्यांच्या फितींचे आखूड तुकडे एका ओळीत बसवलेली पट्टी तो डाव्या छातीवर लावतो. त्या पट्टीस ‘रिबन बार’ म्हणतात. सर्वांत मानाची फीत छातीच्या मध्याजवळ असते, म्हणजे समोरून पाहणाऱ्याने ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचावी. दुसऱ्या महायुद्धातील एखादी पट्टी समोर ठेवली तर गोष्ट स्पष्ट होते. पहिली फीत गडद निळी, लाल आणि फिकट निळी अशा तीन समान पट्ट्यांची. हे तीन रंग म्हणजे आरमार, भूसेना व हवाईदल, आणि ही फीत ‘१९३९-४५ स्टार’ची. तिच्या शेजारी वाळूच्या रंगाची फीत असून मध्ये लाल पट्टा असेल, तर तो माणूस आफ्रिकेच्या आघाडीवर होता. त्या वाळूवर रुपेरी ‘८’ हा आकडा जडवलेला असेल तर तो आठव्या आर्मीसोबत लढला. पुढची फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशी असली की इटली. शेवटी लाल-निळ्या-पांढऱ्या रेषांचे ‘वॉर मेडल’ आणि निळ्याच्या दोन छटांचे ‘इंडिया सर्व्हिस मेडल’.

एवढ्या पाच तुकड्यांत चार-पाच वर्षांचा प्रवास मावतो. आणि हा प्रवास मराठा लाइट इन्फंट्रीचा खराखुरा मार्गही होता. एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर १९४१ मध्ये तिच्या पलटणी लढल्या आणि पुढे इटलीत उतरल्या. इटलीतच नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी पराक्रम गाजवला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या पट्टीवर आफ्रिकेऐवजी मधोमध रुंद लाल, दोन्ही कडांना निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ दिसते, ती ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आलेली असते. नारिंगी म्हणजे सूर्य.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकांचे, पिवळसर मिश्रधातूचे आणि आकाराने अगदी सारखे असतात. मधल्या वर्तुळावरची अक्षरे वाचल्याशिवाय आफ्रिका व इटली वेगळे करता येत नाहीत. फीत कुजली की दुकानदार हाताशी असेल ती लावून मोकळा होतो, त्यामुळे फीत आणि अक्षरे यांत विरोध दिसल्यास अक्षरांवर विश्वास ठेवावा. ब्रिटिश सैनिकांना हे तारे नाव न घालताच देण्यात आले. काटकसर हे त्यामागचे कारण. रिबन बारची मर्यादाही हीच आहे. ती माणूस कोणकोणत्या मार्गाने गेला ते सांगते, तो कोण होता ते सांगत नाही. म्हणून पट्टी, पदके, सेवापुस्तिका, पेन्शनचा कागद आणि एखादे पिवळे पडलेले छायाचित्र यांचा संच फोडू नये. तुकडे वेगवेगळे विकून चार पैसे अधिक मिळतील, पण ज्या दिवशी संच फुटतो त्या दिवशी पट्टी अनाथ होते.

स्वातंत्र्यानंतरची पदके अनेक घरांत आहेत आणि त्यांकडे मात्र कोणी जुनी वस्तू म्हणून पाहत नाही. १५ ऑगस्ट १९४७ च्या स्मरणार्थ काढलेले स्वातंत्र्य पदक पाहण्यासारखे आहे. फीत केशरी, पांढरी व हिरवी. दर्शनी बाजूस अशोकचक्र, आणि त्याच चक्रावर इंग्लंडच्या राजाचा मुकुट. सत्तांतराचा तो चमत्कारिक मधला काळ एवढ्या लहान जागेत क्वचितच कोठे इतका स्पष्ट उमटला असेल. १९६५ चे समर सेवा स्टार व रक्षा पदक, १९७१ चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक ही अजून सहज ओळखता येतील अशी नावे आहेत, कारण ती मिळवणारे किंवा त्यांची मुले गावात आहेत. सर्वोच्च अशा परमवीरचक्राची रचना सावित्री खानोलकर यांची. जन्माने युरोपीय आणि मराठी अधिकाऱ्याशी विवाह करून या देशाच्या झालेल्या या बाईंनी काशाच्या वर्तुळावर चार वज्रे आणि मध्ये राजमुद्रा योजली. फीत साधी जांभळी आहे, तिच्यावर एकही रेघ नाही.

आता खऱ्या-खोट्याचा प्रश्न. व्यापारी घरांना धातूची पारख शिकवावी लागत नाही, पण पदकात खोटेपणा धातूत नसून नावात असू शकतो. चांगल्या पलटणीचे किंवा प्रसिद्ध लढाईतल्या माणसाचे नाव असले की भाव चढतो, म्हणून मूळ नाव घासून त्या जागी दुसरे कोरले जाते. घासलेली कड किंचित बारीक होते. व्हर्नियर कॅलिपरने चार दिशांनी व्यास मोजला आणि तो ३६ मिलिमीटरहून कमी किंवा असमान निघाला, तर संशय घ्यावा. मात्र हाताने कोरलेले प्रत्येक नाव बनावट नव्हे. एकोणिसाव्या शतकात हिंदी सैनिकांना दिलेल्या अनेक पदकांवर नाव मुळातच वळणदार, लपेटीच्या अक्षरांत कोरलेले असते आणि ते अस्सल आहे. ओतीव नक्कल ओळखणे त्यापेक्षा सोपे. तिचा पृष्ठभाग खरबरीत असतो, केसांच्या व घोड्याच्या आयाळीच्या रेषा बोथट दिसतात आणि कडेवर साच्याचा सांधा जाणवतो. फितीसाठी तर उपाय गल्ल्यावरच आहे. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली नव्या कृत्रिम धाग्याची फीत निळसर चमकते, जुन्या रेशमाची चमकत नाही. चमकली म्हणून पदक खोटे ठरत नाही, फीत नंतर बदलली एवढेच कळते.

पदक चकचकीत करण्याचा मोह मात्र आवरावा. चिंच, रांगोळी, रीठा किंवा पॉलिशची पेस्ट यांनी भांडी उजळतात. पदकावर त्यांचा पहिला घाव कडेवरच्या बारीक अक्षरांवर पडतो. धूळ मऊ ब्रशने झटकावी आणि काळेपणा तसाच राहू द्यावा. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पदक वर्षानुवर्षे ठेवू नये, कारण त्यातील द्रव्ये धातूला चिकट हिरवट थर आणतात. मऊ सुती कापड आणि कोरडी जागा पुरेशी. लॉकेट करण्यासाठी वरची दांडी कापून तेथे कडी डकवलेली पदकेही दिसतात. त्यांची संग्राहकांच्या दृष्टीने किंमत उतरते, पण कानशीतून नाव वाचले असेल तर तेही जपण्याजोगे.

कायद्याची बाजूही ध्यानात असू द्यावी. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेषात मोडू शकते. अशा वस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी ती शंभर वर्षे केव्हाच ओलांडली आहेत. लंडनच्या लिलावातील आकडे पाहून पार्सल बांधणाऱ्याने आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करावी. दुसऱ्याची पदके छातीवर लावून आपण सैनिक असल्याचा देखावा करणे हाही गुन्हा आहे. शाळेच्या नाटकासाठी आजोबांची खरी पदके देणाऱ्यांनी, कायद्यासाठी नाही तरी ती परत येण्याची शाश्वती नसते म्हणून, विचार करावा.

नाव मिळाले की शोध कसा घ्यावा? प्रथम कडेची ओळ अक्षर न बदलता उतरवून घ्यावी. जाधव हे आडनाव इंग्रजी कारकुनाने तीन-चार प्रकारे लिहिले आहे. आपण ते मनाने सुधारले तर नोंद जुळत नाही. पुष्कळदा आडनाव नसतेच, म्हणून क्रमांक आणि पलटण हाच पक्का आधार. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या सूचीत मृत सैनिकांचा शोध सेनाक्रमांकावरून घेता येतो. तेथे काही वेळा वडिलांचे नाव, गाव आणि तालुकाही सापडतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगाव येथे आहे आणि पलटणीच्या इतिहासाबाबत विचारणा करण्याची ती योग्य जागा. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या, लष्करी परंपरेमुळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या गावी तर नुसते आडनाव सांगितले तरी पारावरचे वृद्ध घर दाखवू शकतात.

पेढीवर या कामास फार वेळ लागत नाही. मोडीतून पदक निघाले तर वजनाच्या चिठ्ठीवरच कडेची ओळ लिहून ठेवावी, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र घ्यावे आणि आणणाऱ्यास ते नाव मोठ्याने वाचून दाखवावे. आणणारा बहुधा नातू किंवा पणतू असतो. रोमन अक्षरांतले आपल्याच पणजोबांचे नाव त्याने कधी वाचलेले नसते. ते ऐकूनही त्याला पैशांची निकड असेल तर व्यवहार करावा, भाव चोख द्यावा. फक्त तो तुकडा इतर चांदीसोबत मुशीत न टाकता निराळा ठेवावा आणि रोजमेळात त्याची नोंद वजनाने न करता नावाने करावी.